दोऱ्यावरचा लाल ठिपका

रत्नमाला मगरेचं बोलणं नव्या गिऱ्हाइकाला कळत नाही. दोऱ्याचं एक टोक तिच्या दातांत असतं, उरलेला दोरा दोन्ही हातांच्या बोटांत पिळलेला, आणि त्याच अवस्थेत ती सूचना देत असते. ‘हाण हरा’ म्हणजे ताण धरा, भुवईची कातडी दोन बोटांनी ताणून धरा. ‘हालं’ म्हणजे झालं, आरशात बघा. अकरा वर्षं मी तिच्याकडे भुवया करून घेते आहे, त्यामुळे मला ही भाषा येते. माझे मिस्टर एकदा मला बोलवायला तिच्या दारात आले आणि ऐकून परत गेले. घरी आल्यावर म्हणाले, “तुमच्याकडं काय भूत उतरवायचं चाललं होतं का?”

गारखेड्यात आमच्या मागच्या गल्लीत तिचं दोन खोल्यांचं घर आहे. पुढच्या खोलीत पार्लर. एक फिरती खुर्ची, एक आरसा, आरशाच्या वर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, आणि दाराशी पाण्याचे तीन निळे ड्रम, कारण आमच्याकडे नळ आठ दिवसांनी येतो आणि ड्रम ठेवायला कुणाच्याच घरात दुसरी जागा नाही. गर्दी असली की गिऱ्हाइकं त्या ड्रमांना टेकून उभी राहायची.

ती देवगाव रंगारीची. वडील सांडू दुसऱ्याच्या शेतात राबायचे, आई भामाबाई खुरपायला जायची. बारावीनंतर लग्न होऊन शहरात आली. नवरा राजकुमार शेंद्र्याला कारखान्यात. पाळी कधी दिवसाची, कधी रात्रीची. त्याच्या पाळ्यांच्या मधल्या रिकाम्या वेळात घरात बसून काय करायचं म्हणून तिनं बायकांसाठीचा तीन महिन्यांचा सरकारी वर्ग केला. दोऱ्याचा सराव तिनं स्वतःच्या पायाच्या नडगीवर केला. “आधी माझ्या पायाला भुवया आल्या, मग लोकांच्या तोंडाला,” असं ती सांगते. हात हलका. सहा मिनिटांत दोन्ही भुवया, आणि त्यासुद्धा अशा, की रस्त्यात कुणी विचारू नये ‘आज काही केलंय का’, नुसतंच वाटावं की बाई ताजीतवानी दिसते.

आता ज्या गोष्टीसाठी हे लिहायला बसले ती सांगते.

गेल्या वर्षीच्या आधीच्या डिसेंबरात पुतणीचा साखरपुडा होता. सकाळी मी रत्नमालाकडे गेले. काम चालू असताना माझी नजर सहज वर गेली आणि पांढऱ्या दोऱ्यावर मला लाल ठिपका दिसला. मोहरीएवढा. मी घाबरून भुवईला हात लावला.

“कापलं का गं?”

तिनं दोरा तोंडातून काढला. म्हणाली, “व्हय ताई, लागलं थोडं. हात सरकला माझा.” आणि घाईघाईनं कोरफडीचं जेल घेऊन माझ्या भुवईवर चोळलं. जेल थंड लागलं. झोंबलं मात्र नाही.

घरी आल्यावर मी खिडकीच्या उजेडात आरसा धरून बघितलं. भुवईवर ओरखडा नव्हता. खालच्या कातडीवर नव्हता, मध्ये नव्हता. चष्मा लावून बघितलं, काढून बघितलं. मी मायक्रोबायॉलॉजी घेऊन बी.एस्सी. केलेलं आहे. पंचवीस वर्षांत त्या पदवीचा उपयोग इडलीचं पीठ फुगवण्यापलीकडे फारसा झाला नाही, पण रक्त निघायला कुठेतरी कातडी फाटावी लागते एवढं कळायला पदवीही लागत नाही. माझी फाटलेली नव्हती. दोऱ्याचं दुसरं टोक कुठे होतं, हे मला ठाऊक होतं. गेले काही महिने ती वाकली की लवंगेचा दाट वास यायचा आणि त्या लवंगेच्या खाली आणखी एक वास असायचा, हेही ठाऊक होतं. ती मान वळवून श्वास सोडायची. मी डोळे मिटून घ्यायचे. दोघींनी मिळून ते चालवून घेतलं होतं.

महिन्याभरानं करुणाकडे संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. करुणा म्हणजे समोरच्या अपार्टमेंटमधली, माझ्या दिरांच्या मित्राची बायको, मला वहिनी म्हणते. तिळाची वडी हातात घेऊन बायका भुवयांवर बोलत होत्या. करुणा म्हणाली, “मी उद्या जाणारे रत्नाकडं. लग्नसराई सुरू झाली की नंबर लागत नाही तिचा.”

आणि मी म्हणाले, “जपून गं. हात राहिला नाही आता तिचा. माझी भुवई कापली साखरपुड्याच्या दिवशी. रक्त आलं.”

असं का म्हणाले, याचा मी नंतर पुष्कळ विचार केला. तिथे बोलायला काहीतरी हवं होतं, हे एक. आणि तिचं तोंड खराब झालंय असं म्हणणं मला असभ्य वाटलं. हळदीकुंकवाला हिरड्यांचं रक्त कोण काढतं? हात चुकला म्हणणं सभ्य होतं. त्या हळदीकुंकवाला रत्नमाला नव्हती. तिला आमच्यात कुणीच बोलावत नाही, आणि हे माझ्या तेव्हा लक्षातही आलं नव्हतं.

मार्चपर्यंत ड्रमांना टेकून उभं राहणारं कुणी उरलं नाही. मी गेले की ती लगेच खुर्ची पुसायची. “या ताई, रिकामीच आहे.” करुणा आता मोठ्या रस्त्यावरच्या एसी पार्लरमध्ये जायला लागली होती. मी जात राहिले. मी जात राहिले याचं मला तेव्हा मनातून कौतुकही वाटत होतं, हे लिहिताना पेन थांबतं.

एप्रिलमधल्या एका दुपारी ती माझा वरचा ओठ करत होती. दोऱ्याला नेहमीचा ओढा दिला आणि एकदम ‘आई गं’ म्हणून थांबली. मला वाटलं बोट कापलं. ती तोंडावर पदर दाबून आत गेली. बराच वेळ आली नाही म्हणून मी मागे गेले. मोरीत ती ओणवी झाली होती आणि तांब्यातलं पाणी गुलाबी होऊन वाहत होतं.

“ताई, बाहेर बसा ना तुम्ही,” ती तोंड न वळवता म्हणाली.

“दाखव मला.”

“नाय.”

“रत्ना, दाखव.”

तिनं वरचा ओठ उचलला. पुढचा डावा दात बोटानं लावताच हलला. भोवतीची हिरडी जांभळट, सुजलेली, आणि दात जसा असायला हवा त्यापेक्षा लांब दिसत होता, कारण हिरडी वर सरकली होती. ती अडतीस वर्षांची आहे.

मग ती बोलायला लागली. मोरीच्या उंबऱ्यावर बसून, खाली बघत. तीन वर्षांपासून रक्त येत होतं. आधी तिला वाटलं दोऱ्यानं हिरडी कापते, म्हणून दोरा बदलला. मग ब्रश लागतो म्हणून वाटलं, म्हणून जिथून रक्त येतं तिथं ब्रश लावणंच बंद केलं. बाकीचे दात घासायचे, पुढचे चार नुसते पाण्यानं चूळ भरून सोडून द्यायचे. “तिथं हात लावला नाय की रक्त नाय येत, ताई. मला वाटलं बरं होतंय.” आई भामाबाईचे सगळे दात चाळिशीच्या आत पडले. ती मिश्री लावायची, म्हणून पडले असतील असं सगळे म्हणायचे. रत्नमालानं मिश्रीला कधी हात लावला नाही, तरी तेच. तेव्हा हे आपल्या रक्तातच असणार असं तिनं धरून चाललं होतं.

“राजकुमारला माहीत आहे?”

“त्यांनी काय नाय म्हटलं कधी. कूस बदलून झोपतात.” मग ती म्हणाली, “ताई, एक सांगू? कुणाला सांगू नका. हाताला नावं ठेवली तर चालतंय. हात काय, पुन्हा शिकता येतो. पण घाण म्हटलं ना, की लोक लई मागचं काढतात. आमचं तर काढायला टपलेलेच असतात.”

मी तिच्या दोन पावलांवर उभी होते. करुणाकडे मी काय बोलले ते मला तेव्हाच सांगता आलं असतं. मी म्हणाले, “उद्या दातांच्या कॉलेजात जाऊ. मी येते बरोबर.”

कॉलेजात हिरड्यांच्या विभागात डॉक्टर विशाखा म्हणून एक मुलगी होती, पुढचं शिक्षण घेणारी, सत्तावीस-अठ्ठावीसची. डोळ्यांखाली काळं, पण आवाज गोड. तिनं रत्नमालाला खुर्चीत झोपवलं आणि एका बारीक सळीनं प्रत्येक दाताभोवती हिरडी किती खोल सुटली आहे ते मोजायला लागली. मोजेल तसा आकडा मोठ्यानं म्हणायची आणि शेजारची ज्युनिअर कागदावर लिहायची. “तीन, दोन, तीन. तीन, चार, चार. पाच, सात, सहा.”

रत्नमालानं माझ्याकडे मान वळवली. “ताई, मार्क जास्त चांगले का कमी?”

डॉक्टर हसली. “इथं कमीच चांगले, ताई. तीनच्या आत राहायचं.”

“मग मी नापासच,” रत्नमाला म्हणाली, पण तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. खोलीत सहा-सात खुर्च्या होत्या आणि तिचे आकडे सगळ्यांना ऐकू जात होते.

मोजून झाल्यावर डॉक्टरनं समजावलं. मला यातलं थोडं बी.एस्सी.ला शिकवलं होतं, पण मी ते कधी माणसाच्या तोंडात ठेवून बघितलं नव्हतं. दात स्वच्छ घासला की काही तासांतच त्यावर जिवाणू येऊन बसतात. पहिले येतात ते हवा लागणारे, साधे, गोलसर, साखळीनं बसणारे. ते बहुतेक निरुपद्रवी. उलट ते बसले की दुसऱ्यांना जागा कमी मिळते. रोज घासलं की ते निघतात, पुन्हा येतात, चालू राहतं. घासलं नाही तर काही दिवसांत लांबट जातीचे येऊन त्यांना चिकटतात, आणि त्या लांबट्यांना धरून आणखी तिसरे. थर जाड होतो. आतपर्यंत हवा पोचत नाही. हिरडी सुजते, दातापासून सुटते, तिथे फट पडते, आणि त्या फटीत हवा नसतानाच जगणारे वाढायला लागतात.

“हे बाहेरून कुठून आलेले नसतात,” ती म्हणाली. “चांगल्या तोंडातही चारदोन असतातच. कोपऱ्यात पडून असतात. फट खोल होत गेली की त्यांची संख्या वाढते आणि पहिले जे साधे होते ते तिथून कमी होत जातात. शेवटी वस्तीच बदलते. आणि यांच्यातल्या काहींना रक्त लागतं. रक्तातलं लोह त्यांचं खाणं.”

रत्नमालानं विचारलं, “म्हणजे जिथून रक्त येतं तिथं मी ब्रश नाय लावला, तर…”

“तर त्यांना कुणी हलवलं नाही, आणि जेवणही मिळत राहिलं.”

मला वाटलं ती आता रडेल. ती म्हणाली, “आमच्या ड्रमासारखं झालं मग. नळ आला त्या दिवशी बाजूनं हात फिरवला तर नुसतं बुळबुळीत लागतं, जातं पुसलं की. आठ दिवस नाय हात लावला तर तळाला वास मारतं, आणि कडंला जे धरतं ते मग काथ्यानंपण निघत नाय.”

“अगदी तसंच,” डॉक्टर म्हणाली. “मी हे पुढं पेशंटना सांगू का? ड्रमाचं?”

“सांगा की.”

डॉक्टरचा प्रबंध यावरच होता. हिरडीचा आजार जसजसा पुढे सरकतो तसतशी ही वस्ती कशी बदलते, आणि उपचारानंतर जुनी साधी वस्ती किती परत येते. ती रत्नमालाला म्हणाली, “तुमची मागची दाढ ठीक आहे, सुळ्यापाशी आजार सुरू झालाय, आणि पुढचा दात बराच पुढं गेलाय. एकाच तोंडात मला तिन्ही काळ मिळतायत. तिन्ही ठिकाणचा नमुना घेते, त्याच दिवशी सफाई सुरू करते, मग एक, तीन आणि सहा महिन्यांनी परत नमुने. चालेल?” नमुन्याची तारीख आठवड्यानंतरची दिली. दोनच अटी. त्या सकाळी दात न घासता, पारोशा तोंडानं यायचं. आणि गेल्या तीन महिन्यांत किंवा या आठवड्यात जिवाणू मारायच्या गोळ्या घेतलेल्या नसाव्यात. रत्नमालानं सही केली.

त्या सकाळी रिक्षात ती खिडकीकडे तोंड करून बसली होती. “पारोसं तोंड घेऊन घराच्या बाहेर पडले नाय कधी, ताई. चहासुद्धा केला नाय मी. चुलीपुढं कसं जायचं?” डॉक्टरनं विचारलं, गोळ्या घेतल्या नाहीत ना? रत्नमाला म्हणाली, “नाय.” मग डॉक्टरनं कागदाच्या केसासारख्या बारीक काड्या हिरडीच्या फटीत सरकवल्या, थोडा वेळ ठेवल्या, काढून तीन छोट्या नळ्यांत टाकल्या, नळ्यांवर चिठ्ठ्या लावल्या. नंतर मशीननं कीटण काढायला घेतलं. पेल्यात तपकिरी तुकडे पडत होते आणि रत्नमाला डोळे घट्ट मिटून होती.

तीन आठवड्यांनी राहिलेल्या सफाईसाठी गेलो तर डॉक्टर विशाखाचा चेहरा उतरलेला. तिनं रत्नमालाला खुर्चीत बसवलं, पण झोपवलं नाही.

“ताई, एक विचारायचंय. तुमच्या पुढच्या दाताची फट सात मिलिमीटर. तिथं हवा न लागणारे भरपूर निघायला हवे होते. तपासणीत ते जवळजवळ नाहीतच. तुमच्या चांगल्या दाढेसारखाच रिपोर्ट आलाय. माझे गाईड सर म्हणतात, मी नळ्या बदलल्या.” ती आवाज खाली ठेवून बोलत होती, पण शेजारच्या ज्युनिअर मुलींच्या माना खाली गेल्या होत्या. सगळ्यांसमोर बोलणी बसली असणार. “तसं असेल तर आधीच्या बारा पेशंटचंही सगळं मला परत बघावं लागेल. म्हणून विचारते, काही आठवतंय का? चिठ्ठ्या लावताना मी काही… घाईत होते का मी?”

रत्नमालानं पर्सचा पट्टा बोटाला गुंडाळला, सोडला, परत गुंडाळला.

“तुमचा हात नाय चुकला, मॅडम,” ती म्हणाली.

“काय?”

“मी गोळ्या खाल्ल्या. पाच दिवस. मेडिकलवाल्याला म्हटलं, हिरडीला वास येतो, त्यानं दिल्या. नमुन्याच्या आदल्या रात्रीपर्यंत खाल्ल्या.” तिचा आवाज नेहमीपेक्षा मोठा झाला होता, कमी करायचं तिला भान नव्हतं. “तुम्ही म्हटलं व्हतं नका घेऊ. मला समजलं व्हतं. पण तसलं तोंड तुमच्यापुढं उघडायचं म्हणजे… पाहुणे यायचे म्हटल्यावर घर तसंच ठेवतो का आपण? जरा तरी आवरतो ना. मी आवरलं. आणि वर खोटं बोलले.”

डॉक्टरनं दोन्ही हात चेहऱ्यावरून फिरवले. मला वाटलं ओरडेल. ती म्हणाली, “ताई, मी चार रात्री झोपले नाहीये.” मग तिला हसू आलं, रडकं हसू. “तुमचं नाव मला अभ्यासातून काढावं लागेल. उपचार थांबत नाहीत, ते पूर्ण करायचे. आणि हे तुम्ही सरांना सांगाल का? मी सांगितलं तर…”

“सांगते. चला.”

ती गेली. केबिनचं दार उघडंच होतं. पांढऱ्या केसांच्या सरांसमोर उभं राहून तिनं तेच सगळं पुन्हा सांगितलं, वास हा शब्दसुद्धा गाळला नाही. सर म्हणाले, “ठीक आहे, बाई.” डॉक्टर विशाखाला त्यांनी काही म्हटलं का, ते मला दिसलं नाही. यादीवर रत्नमालाच्या नावावरून आडवी रेघ मारली गेली ती मात्र दिसली, आणि तिनंही ती बघितली.

बाहेर केसपेपरच्या खिडकीशेजारी बाक आहे. आम्ही तिथे बसलो. तिच्या हातात कापसाचा बोळा होता, अधूनमधून तो हिरडीला लावून बघत होती. मला आता राहवेना.

“रत्ना, तुझी गिऱ्हाइकं गेली ती माझ्यामुळं. करुणाकडं मी सांगितलं, तू माझी भुवई कापली म्हणून. भुवई कापली नव्हती. मी त्याच दिवशी आरशात बघितलं होतं. रक्त तुझं होतं हे मला माहीत होतं, आणि माहीत असून सांगितलं.”

तिनं बोळा बघितला, घडी घातली.

“ठाऊक आहे मला.”

“कोणी सांगितलं?”

“करुणाताईंनीच. संक्रांतीनंतर रस्त्यात भेटल्या. म्हणाल्या, वहिनींना कापलं म्हणे तू, डोळे तपासून घे.” ती माझ्याकडे वळली. “मला तर बरं वाटलं व्हतं, ताई. म्हटलं, ताईंना समजलंय आणि त्यांनी झाकलं. घाण नाय म्हटलं, हात म्हटलं. म्हणून तर त्या दिवशी मोरीत तुम्हाला दाखवलं मी. दुसऱ्या कुणाला दाखवलं असतं का?”

तिच्या डोळ्यांत खरंच आभार होते. मी तिचं नुकसान केलं आणि ती ते माझ्याकडून झालेली मदत म्हणून चार महिने जपून होती. मी नुसतं गप्प बसले असते तरी ते तसंच राहिलं असतं. तो मोह मला झाला, हे खोटं का सांगू? चांगलं अर्धं मिनिट झाला.

“नाही गं,” मी म्हणाले. “तुझ्यासाठी नाही झाकलं. तो शब्द माझ्या तोंडून काढायची मला किळस वाटली, आणि बोलायला विषय हवा होता. एवढंच.”

तिनं बोळा पर्समध्ये टाकला आणि उठली. म्हणाली, “रिक्षा बघू चला.” रिक्षात बोलली नाही. उतरल्यावरही नाही. पुढचे दोन महिने ती कॉलेजात एकटी गेली. मी फोन केला तर “बरंय ताई, चालू आहे” एवढंच.

ऑगस्टमध्ये तिचाच फोन आला. “या ना आयब्रोला. वाढल्या असतील.”

पुढचा दात वाचला होता. मागच्या बाजूनं बारीक तार लावून शेजारच्या दातांना बांधला होता. सातचे चार झाले, असं तिनं मला खुर्चीत बसवायच्या आधीच सांगितलं. डॉक्टरनं सांगितलं होतं, आजार दोऱ्यानं झाला नव्हता, पण हलत्या दाताला रोजचा ओढा म्हणजे खुंटी उपटण्यासारखं. आता दोरा दातांत धरायचा नाही. म्हणून तिनं मोबाईलवर बघून बघून गळ्यात दोऱ्याचा फास अडकवून काम करायचं शिकून घेतलं होतं. पुन्हा नडगीवर सराव. मानेवर दोऱ्याची लाल रेघ उमटलेली होती. सहा मिनिटांच्या कामाला आता बारा लागत होती.

मी तिला म्हणाले, “करुणाला मी घेऊन येते. तुझा हात चुकला नव्हता एवढं मला तिला सांगायचंय. बाकी काही सांगणार नाही.”

“मग त्या विचारतीलच, रक्त कुठलं.”

“मी गप्प बसेन.”

“बघा,” ती म्हणाली.

करुणाला मी जवळजवळ ओढूनच आणलं. खुर्चीत बसताना ती म्हणाली, “वहिनी, तुम्हीच म्हणाला होता कापते म्हणून.”

“कापलं नव्हतं. मी खोटं बोलले होते, करुणा. समजून-उमजून.”

“अगं बाई. मग मी सात महिने त्या एसीत उगाच थंडी खाल्ली?” ती हसली, मग तिचं हसू थांबलं. “पण रक्त आलं होतं ना? ते कसं मग?”

मी ठरवल्याप्रमाणे गप्प बसले. आरशात मला दोघी दिसत होत्या. रत्नमालाच्या गळ्यात दोरा, बोटांत पीळ.

“माझ्या हिरडीचं व्हतं ते, ताई,” ती म्हणाली. “दोरा दातांत धरायचे ना, त्याला लागलं. पायोरिया झाला व्हता. आता उपचार घेतलेत, आणि दोरा पण तोंडात घेत नाय.”

करुणाचे दोन्ही हात भुवईवर ताण धरून होते. ते तसेच राहिले. तिनं डोळे उघडले, रत्नमालाच्या तोंडाकडे बघितलं, मग वर तसबिरींकडे, आणि डोळे मिटले. “कर लवकर,” म्हणाली. रत्नमालानं दोन्ही भुवया केल्या. झाल्यावर करुणानं आरशात नीट बघितलं नाही. पावडर नको म्हणाली. दारातून बाहेर पडल्यावर तिनं रुमाल काढून कपाळ पुसलं, एकदा आणि परत एकदा. मला ते आतून दिसत होतं, म्हणजे रत्नमालालाही दिसत होतं.

“आता कळंल गल्लीला,” ती म्हणाली आणि खाली पडलेला दोरा गुंडाळायला लागली.

कळलं. दोघीतिघी यायच्या थांबल्या. दोघी आल्या त्या भुवया करून घ्यायला नव्हत्या. एक तर माझ्याच बिल्डिंगमधली, ओढणी तोंडाशी धरून तिनं विचारलं, “रत्ना, मलाही येतं गं ब्रश करताना. त्या डॉक्टर कुठं बसतात?” रत्नमाला तिला घेऊन कॉलेजात गेली. डॉक्टर विशाखानं म्हणे तिला ड्रमाचं उदाहरण दिलं, आणि रत्नमाला शेजारी उभी राहून मान डोलवत होती.

करुणा अजून तिच्याकडे गेलेली नाही. रस्त्यात भेटते, वहिनी म्हणून थांबते, भाजीचं, मुलांचं विचारते. रत्नमालाचं नाव काढत नाही. त्या दिवशी रुमालानं दोनदा कपाळ का पुसलंस, असं मला तिला एकदा विचारायचं आहे. दरवेळी ती समोर आली की मी भाजीचंच बोलते, आणि घरी येऊन मला माझी लाज वाटते.